नानोल या नावाची हकीकत

४ फेब्रुवारी

शोधपत्रिकेच्या परीक्षकांचं उत्तर आलं. लेख परत पाठवला नाही, फक्त दोन शंका काढल्यात. पहिली: ‘नानोल’ या नावाचा उगम लेखात द्यावा. दुसरी: झाडाची साल ॲसिटोनमध्ये भिजवली होती, तेव्हा हा पदार्थ मुळात सालीत असतो की ॲसिटोनशी संयोग होऊन तुमच्या बाटलीत तयार झाला, हे तपासलं आहे का?

दुसरी शंका परीक्षक मंडळी सवयीनेच काढतात, पाहुण्याने मीठ जरा कमी आहे म्हणावं तशी. पहिली मात्र मला मनापासून आवडली. इतके दिवस कुणीतरी विचारावं असं वाटत होतं.

आमच्यात पद्धत अशी की जो एखादा पदार्थ पहिल्यांदा शुद्ध करून वेगळा काढतो, त्याने त्याचं हाक मारायचं नाव ठेवायचं. नियमाप्रमाणे होणारं नाव दीड ओळ लांब असतं. ते छापायला ठीक, तोंडात कुणी घेत नाही. बहुतेक जण झाडावरून नाव ठेवतात, काही गावावरून, काही आपल्या गुरूवरून. मी वडिलांवरून ठेवलं. नाना. शेवटचं ‘ओल’ ही अल्कोहोलच्या कुळाची खूण.

हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “नानोल? डोक्याला लावायचं की छातीला चोळायचं?”

दुसऱ्या शंकेचं काम कासवाला सांगितलंय. तीच साल मिथेनॉलमध्ये भिजवून पाहायची. कासव म्हणजे माझ्याकडे डॉक्टरेट करणारी बाई. पस्तिशी उलटलेली, घरी दोन मुलं, विभागात वर्षावर्षाच्या कराराने काम करते. काम चोख, पण असं संथ की बघणाऱ्याला जांभई यावी. बाटलीवर लेबल चिकटवलं की अंगठ्याने चारी कोपरे दाबून बघते. नाव मी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की आता शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे तेच म्हणतात. ती हसते. तिलाही आवडतं.

७ फेब्रुवारी

नावाच्या उगमाचा परिच्छेद झाला. चार वेळा खोडून पुन्हा लिहिला. ‘लेखकाचे वडील, ज्यांना सारे नाना म्हणतात, यांनी आयुष्यभर कातडी कमावण्याच्या कारखान्यात याच सालीच्या हौदांवर काम केले. त्यांच्या सन्मानार्थ.’ लिहिताना डोळे भरून आले. खरं तर नानांशी मी इतकं सलग कधी बोललोही नसेन. डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते “बरं झालं” एवढंच म्हणाले होते आणि मीही पुढे काही विचारलं नव्हतं.

कासव सांगत आली की साल वाळवायची, कुटायची, भिजवायची, पदार्थ वेगळे काढायचे म्हणजे मार्च संपेल. मी म्हटलं, “अगं, संपादकांना या महिन्यात उत्तर हवंय. तू मार्चमध्ये डोकं बाहेर काढणार!” सगळे हसले. तीही हसली.

शेवटी दुसऱ्या शंकेला मी एका ओळीत उत्तर दिलं. ‘तपासले आहे; पदार्थ नैसर्गिकच आहे.’ तपासणारच आहोत आपण. म्हणजे खोटं असं नाही, थोडं आधी लिहिलं एवढंच.

२६ फेब्रुवारी

लेख स्वीकारला! विभागप्रमुखांनी सगळ्यांना चहा पाजला. बढतीच्या फाइलीत हा लेख वर लावा म्हणाले.

घरी आल्यावर बूटही न काढता नानांच्या खोलीत गेलो. ते खिडकीपाशी बसून नखं कापत होते. त्यांच्या नखांच्या कडा अजून तांबूस आहेत. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, पण सालीचा रंग काही गेला नाही.

“नाना, तुमच्या नावाचा एक पदार्थ आहे आता.”

“खायचा?”

“नाही हो. रसायन. तुमच्या त्या तांबड्या सालीत असतं. मी शोधून काढलं आणि नाव ठेवलं नानोल.”

त्यांनी नेलकटर मिटवलं. “उपयोग काय त्याचा?”

“अजून तरी काही नाही.”

“मग नाव बरोबर ठेवलंस,” नाना म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मी उठलो तर म्हणाले, “बस की. पुन्हा म्हण एकदा, काय ते.”

१९ मार्च

लेख छापून आला. पहिल्या पानाची प्रत नानांना दिली. त्यांनी ती घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. वाचता तर येत नाही, भाषा परकी, पण नावाखाली मी पेन्सिलने रेघ मारून दिली आहे.

नानांना त्या नावाचं भलतंच वेड लागलंय. संध्याकाळी मी घरात शिरलो की हाक मारतात. तो रेणू कसा दिसतो, डोळ्यांना दिसतो का, वास येतो का, विचारतात. काल सांगितलेलंच आज पुन्हा. मी उठायला लागलो की आणखी एक प्रश्न तयार असतो. मग ते हौदांचं सांगतात, कोणती कातडी किती भिजवायची, कोण फोरमन कसा खडूस होता. कालपासून मी चहाही तिथेच पितो. म्हातारपणी माणसाला मान मिळाला की तो कसा बदलतो, हे पाहून मला माझाच अभिमान वाटतो.

विद्यापीठाच्या वार्तापत्रवाल्याने फोन केला होता. त्याला वाटलं नॅनो तंत्रज्ञानातलं काही आहे. मी सांगितलं, नाही बाबा, हे माझे वडील. त्याने तरीही मथळ्यात नॅनो घातलंच.

८ एप्रिल

कासव आली. हातात वही. दारात उभी राहून म्हणाली, “सर, मिथेनॉलचं काम झालं. नानोल नाही सापडलं.”

“म्हणजे कमी सापडलं.”

“अजिबात नाही, सर. त्याच्या जागी दुसरंच आहे. त्यात नानोलमधले ते दोन मिथाइल गट नाहीत. मी दोनदा करून पाहिलं, म्हणून उशीर झाला.”

मी भडकलो. भांडी नीट धुतली का, साल तीच होती का, मिथेनॉल जुनं तर नव्हतं, असं सगळं विचारलं. ती एकेक उत्तर देत गेली. शेवटी मी म्हणालो, “तुझ्या हाताला स्वच्छता नाही, हा प्रॉब्लेम आहे.” बाहेरच्या दोघा-तिघांनी ऐकलं असावं.

असं व्हायला नको होतं. पण ती वेळही कशी निवडते!

१२ एप्रिल, रविवार

सकाळी प्रयोगशाळेत कुणी नसताना गेलो. कासवाने मिथेनॉलमधून काढलेला तो दुसरा पदार्थ घेतला, त्यात ॲसिटोन घातलं, थोडी सिलिका टाकली आणि ढवळत ठेवलं. दुपारी तपासलं. नानोल.

शाळेतल्या पोराला समजावं इतकं सोपं आहे. झाडातल्या रेणूचे तीन हात मोकळे असतात. त्यातले दोन ॲसिटोनने धरले. ते दोन मिथाइल झाडाचे नाहीतच, ते माझ्या ॲसिटोनचे. जे शोधलं म्हणून मी मिरवलं, ते मीच घडवलं होतं. आणि याच गोष्टीची शंका परीक्षकाने सरळ शब्दांत विचारली होती.

‘तपासले आहे.’ हे शब्द मी लिहिले तेव्हा हात अडखळलासुद्धा नव्हता. घरी आल्यावर नानांनी हाक मारली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि आत निघून गेलो.

१७ एप्रिल

व्हायचं ते झालं. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या गटाने विभागप्रमुखांना कळवलंय की त्यांना त्याच सालीत नानोल मिळत नाही. भाषा सभ्य आहे, पण अर्थ स्पष्ट आहे.

विभागप्रमुखांनी बोलावलं. “काय भानगड आहे?”

आत जाईपर्यंत खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. हे मी या वहीत शपथेवर लिहितो. पण त्यांच्या टेबलावर माझी फाइल होती, वर तो लेख, आणि मला एकदम नानांची चष्म्याची डबी आठवली. तोंडातून निघालं, “नमुन्यांची सरमिसळ झाली असावी. सालीतून पदार्थ काढायचं काम कासवाकडे होतं.”

ते म्हणाले, “असं होय. संथ असेल पण चोख असेल असं वाटलं होतं मला.” मी मूग गिळून बसलो. नाही, त्याहून वाईट. मी मान डोलावली.

तिच्या कराराच्या मुदतवाढीवर २७ तारखेला समिती बसणार आहे. हे मला आत जातानाही माहीत होतं.

२० एप्रिल

कासव माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. असं तिने कधी केलं नव्हतं.

“सर, माझ्याकडून सरमिसळ झाली असं विभागप्रमुख म्हणाले. माझ्या सगळ्या बाटल्यांना लेबलं आहेत. तुम्ही बघितलीत.”

“मी बोलतो त्यांच्याशी.”

“करार गेला तर डॉक्टरेटही गेली, सर. पुन्हा सुरुवात करायला मला नाही जमणार आता.”

“म्हटलं ना, बोलतो.”

ती गेली. मी बोललो नाही. चार वाजता विभागप्रमुख जिन्यात भेटले होते, आम्ही उकाड्यावर बोललो. मला माझी किळस आली आहे, हे लिहायलाही लाज वाटते, कारण किळस येऊनही मी काही केलेलं नाही.

२३ एप्रिल

ही म्हणाली, “नाना विचारत होते, हल्ली खोलीत येत का नाही. काही लागलं का त्याला माझं बोलणं, म्हणाले.”

त्यांचं बोलणं! ते रोज कुणाला तरी आपल्या नावाच्या रसायनाचं सांगत असणार, आणि ते नाव आता काढून घ्यावं लागेल. एवढं मोठं सुख देऊन परत ओढून घ्यायचं म्हणजे म्हाताऱ्याला मारण्यासारखंच. कासव तरुण आहे, तिला दुसरीकडे काही मिळेल. नानांना दुसरं काय मिळणार?

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडत नाही. राहू दे, म्हणजे मला कळेल मी काय लिहू शकतो ते.

२५ एप्रिल

आज सुट्टी. नानांनीच हाक मारली. “ये रे. डोकं दुखत असलं तरी बसता येतं.”

बसलो. त्यांनी हौदाचं काहीतरी काढलं. मी मध्येच म्हणालो, “नाना, ते सालीत नसतं.”

“काय नसतं?”

“नानोल. मी सालीत ॲसिटोन घातलं, त्यामुळे तयार झालं. झाडाचं नाहीच ते. मीच केलं, मला न कळता. आता छापून मागे घ्यावं लागेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चेहरा पडेल. “म्हणजे चुकलं,” ते म्हणाले. “कामात चुकतं. आम्ही एकदा अख्खा हौद नासवला होता. फोरमनने दिवसभर आईबापांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी नवीन हौद भरला.”

“तुमचं नाव जाईल, नाना.”

“मी कुठे चाललोय? एवढ्यासाठी तोंड लपवत होतास?”

मी चष्म्याच्या डबीकडे पाहत राहिलो. मला वाटतं त्यावरूनच त्यांना कळलं. “अजून काय आहे?”

मग सांगितलं. विभागप्रमुख, फाइल, मी काय म्हणालो ते. “कासवावर ढकललं,” असं म्हणालो.

“कासव काय?”

“आमच्याकडची एक बाई. तसं म्हणतात तिला.”

“तिचं काय होईल?”

“सोमवारी समिती आहे. बहुतेक काढतील.”

नानांनी चष्म्याची डबी उघडली. त्यातून ती घडी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“हे घेऊन जा. चुकलेल्या कामावर माझं नाव असलं तर असू दे. पण दुसऱ्याचं पोट मारून नको. आधी तिच्यावर घातलंस ते काढून घे.”

मी दारापर्यंत गेलो. मागून म्हणाले, “आणि सोमवारी काय झालं ते येऊन सांग. त्या रसायनाचं नको सांगूस. तुझं सांग.”

२७ एप्रिल

समिती बसायच्या आधी विभागप्रमुखांकडे गेलो. तिलाही बोलावून घ्या म्हटलं, तिच्यासमोरच बोलायचंय. ती आली, हातमोजे तसेच.

मी उभ्यानेच सांगितलं. परीक्षकाने विचारलं होतं, मी न तपासता तपासलं म्हणून लिहिलं. तिने तपासलं, तिला खरं सापडलं, मी तिला दरडावलं. मग मला स्वतःला खरं कळलं आणि तरीही मी तिच्यावर खापर फोडलं. “कासवाचा यात काडीचा दोष नाही,” मी म्हणालो.

विभागप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझ्याकडे नाही, फाइलीकडे बघत होते. मग म्हणाले, “ही फाइल तुम्हीच घेऊन जा.” आणि तिला, “मुदतवाढीचं मी बघतो.”

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हणालो, “मला माफ कर.”

“बरं, सर,” ती म्हणाली. “माझा कॉलम वाहतोय, मी जाऊ?”

तिने रडावं, चिडावं, निदान हसावं अशी माझी अपेक्षा होती बहुधा. ती गेली आणि कॉलमच्या, पदार्थ वेगळे करणाऱ्या त्या काचनळीच्या, शेजारी उभी राहिली. मी काचेतून पाहत होतो. प्रत्येक बाटलीवर लेबल लावून ती अंगठ्याने कोपरे दाबत होती.

संध्याकाळी नानांना सांगितलं. “बरं झालं,” म्हणाले. मग मला बसवून ठेवलं.

११ जून

लेख मागे घेतल्याची नोंद छापून आली. चार ओळी. ‘लेखकाने पुरेशी तपासणी केली नव्हती.’ विभागात सगळे माझ्याशी जपून बोलतात, आजारी माणसाशी बोलतात तसं. बढतीचं आता काढायचं नाही.

गंमत म्हणजे नाव काही पुसलं जात नाही. संयुगांच्या सूचीत ते राहणार: ‘नानोल, नैसर्गिक नव्हे, सालीतून पदार्थ काढताना निर्माण होणारे.’ नानांना वाचून दाखवलं. “म्हणजे मी आहे, पण झाडाचा नाही,” ते म्हणाले आणि त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. मला नाही हसता आलं. ही शरमेची ओळ माझ्या बापाच्या नावाला मी चिकटवली आहे आणि ती आमच्या दोघांच्याही मागे उरेल.

मी अजूनही रोज तिथे बसतो. रसायनाचं कुणी काढत नाही. आज त्यांनी मला विचारलं, तू लहानपणी पाण्याला का घाबरायचास? मला तर आठवतच नव्हतं.

१४ ऑगस्ट

टेबलावर एक लेख वाचायला आला होता. विषय आमच्याच सालीचा. वर लेखिकेचं एकच नाव, पूर्ण. मला क्षणभर कळेचना, ही कोण नवीन बाई, आमची साल हिला कुठून मिळाली. मग खालचा पत्ता पाहिला. आमचाच विभाग.

कासव.

तीन मोकळ्या हातांचा तो खरा पदार्थ तिने पूर्ण उलगडलाय. चार वेगवेगळ्या द्रवांत भिजवून दाखवलंय की तो झाडातच असतो. कुठेही घाई नाही. माझ्या लेखात शेवटी ‘सहकाऱ्यांचे आभार’ एवढंच होतं, हेही आज पुन्हा पाहिलं.

ती पुस्तक घ्यायला आली तेव्हा म्हणालो, “लेख उत्तम झालाय. नाव मात्र साधंच ठेवलंस. कुणाच्या तरी नावावरून ठेवायचं होतंस, तुझा हक्कच आहे.”

“झाडावरून ठेवलंय, सर. त्यातच असतं ते.”

संध्याकाळी नानांना सांगितलं. त्यांनी बाईंचं नाव विचारलं. मी सांगितलं.

“चांगलं आहे की नाव. मग ते कासव-बिसव कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“पहिल्यांदा कोण म्हणालं?”

चहा गार झाला होता, तरी मी पीत राहिलो. नानांनी पुन्हा विचारलं नाही. खोलीतून आलो आणि ही वही पहिल्या पानापासून चाळली. ‘ती हसते. तिलाही आवडतं.’ हे मला कुणी सांगितलं होतं?

१७ ऑगस्ट

सकाळी प्रयोगशाळेत गेलो. ती खिडकीजवळ पाठमोरी उभी होती, काचेची नळी उजेडात धरून. मी दारातून तिला नावाने हाक मारली.

ती वळली नाही. यंत्राचा आवाज असेल म्हणून पुन्हा मारली, मोठ्याने. तिने नळी तशीच धरून दाराकडे नाही, शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, कुणाला हाक मारताहेत म्हणून. तिथे कुणी नव्हतं. ती परत नळीकडे वळली.

शिपाई फरशी पुसत होता. त्याला माझी दया आली असावी. तो म्हणाला, “ओ कासवबाई, सर बोलावतायत.”

तेव्हा तिने मागे वळून पाहिलं.